कुटुंबीयांच्या घराचे भाडे व हप्ते : प्राप्तिकरातील सवलत

आईवडील, जोडीदार किंवा भावंडांच्या घरासाठी दिलेले भाडे, कर्जाचा हप्ता वा सोसायटीचा मेंटेनन्स यांवर प्राप्तिकरात मिळणारी, आणि बहुतेकदा न मिळणारी, सूट. नात्यापोटी केलेल्या अशा खर्चाला कायद्यात स्वतंत्र वजावट नाही. पैसे देणारा त्या घरात भाडेकरू म्हणून राहतो का, किंवा त्या घराचा मालक आहे का, एवढेच पाहिले जाते. गोरेगावला स्वतःच्या घरात राहून गिरगावातल्या आईच्या खोलीचे भाडे भरणाऱ्या मुलाला म्हणूनच एका पैचीही सवलत नाही. ती रक्कम कायद्याच्या लेखी भेट ठरते. आईवरही तिचा कर बसत नाही, इतकाच काय तो दिलासा. (खालील कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत.)

मुंबईत जास्त चर्चा होते ती आईवडिलांना भाडे देण्याची. मुलगा किंवा मुलगी त्यांच्याच मालकीच्या घरात राहत असेल, पगारात घरभाडे भत्ता, म्हणजे एचआरए, मिळत असेल आणि भाडे खरोखर दिले जात असेल, तर कलम १०(१३ए) खाली सूट घेता येते. मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम आणि मुंबईसाठी पगाराचे ५० टक्के, या तिन्हींतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त होते. पगार म्हणजे येथे मुख्यतः मूळ वेतन व निवृत्तिलाभात धरला जाणारा महागाई भत्ता. उदाहरणार्थ, मूळ वेतन महिना ६०,००० रुपये, भत्ता २४,००० आणि आईला दिलेले भाडे २५,००० असेल, तर वर्षाच्या ३ लाख भाड्यातून ७२,००० वजा जाऊन २,२८,००० रुपयांवरचा कर वाचतो.

पण तेच ३ लाख आईचे उत्पन्न होतात. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन २,१०,००० उरतात. भरलेला मालमत्ता करही वजा करता येतो, मात्र ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबई महापालिकेने २०२२ पासून तो माफ केल्याने लहान घरांत वजा करायला काही उरतच नाही. साठी ओलांडलेल्या आईला जुन्या करप्रणालीत ३ लाखांपर्यंत कर नाही. दुसरे उत्पन्न नसेल तर घरातला एकूण कर खरोखरच घटतो. तिला निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवींचे व्याज भरपूर असेल, तर खिसा बदलतो, कर नव्हे.

भाडे वर्षाला एक लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. महिना ५०,००० च्या वर गेले की भाडेकरूने २ टक्के टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आधी वळता करून सरकारकडे भरायचा कर, कापायचा, मग घरमालक सख्खा बाप का असेना. ज्यांना भत्ताच नाही त्यांच्यासाठी कलम ८० जीजी आहे, पण त्याची महिना ५,००० रुपयांची मर्यादा मुंबईच्या भाड्यापुढे नगण्यच.

वाद उद्भवतो तो पुराव्यावरून. २०१७ मध्ये मुंबईच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाने आईला भाडे दिल्याचा एका नोकरदार स्त्रीचा दावा फेटाळला. भाडे रोखीत दिल्याचे सांगितले होते, लिव्ह अँड लायसन्सचा करार नव्हता, सोसायटीला कळवलेले नव्हते आणि आईने विवरणपत्रच भरलेले नव्हते. आईशी करारनामा करणे आपल्याकडे विचित्र वाटते, पण बँकेतून दरमहा जाणारी रक्कम आणि आईच्या विवरणपत्रातली नोंद यांवाचून नुसत्या पावत्या टिकत नाहीत. पत्नीला दिलेले भाडे मात्र अहमदाबाद (२०१३) व दिल्ली (२०२२) येथील न्यायाधिकरणांनी मान्य केले आहे. तरी घरासाठीचे पैसे पतीनेच भेट म्हणून दिले असतील तर ते भाडे त्याच्याच उत्पन्नात धरले जाते आणि कर वाचवण्याचा मुद्दा निकालात निघतो.

पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, खोलीत गुंता आणखी वाढतो. तिथे वडील स्वतःच भाडेकरू असतात. मुलाकडून घेतलेले पैसे पोटभाडे ठरले तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार मूळ मालकाची संमती लागते, आणि वडिलांना ३० टक्के वजावटही मिळत नाही, कारण ती मालकासाठी आहे.

कर्जाच्या हप्त्यांचे सूत्र तेच. कलम २४(बी) खालचे २ लाखांपर्यंतचे व्याज आणि ८० सी खालची मुद्दल यांची वजावट मालकालाच मिळते. वडिलांच्या नावच्या फ्लॅटचा हप्ता मुलगा फेडत असेल, तर सहकर्जदार असूनही तो रिकाम्या हातीच राहतो. करारात सहमालक म्हणून नाव असेल तर दोघेही आपापल्या वाट्याइतकी वजावट घेऊ शकतात. महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ती साधण्यासाठी घर एकट्या पत्नीच्या नावे करायचे आणि हप्ते पतीने भरायचे, असे बरेच जण करतात, आणि वीस वर्षांची व्याजवजावट घालवून बसतात.

भाडे देणाऱ्याच्या आणि हप्ते फेडणाऱ्याच्या या सवलती जुन्या करप्रणालीपुरत्या. २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट, ८० सी आणि स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट, तिन्ही नाहीत.