बिल रसेलची विजेतेपदं ११ की १३?

बास्केटबॉलच्या गप्पांत हा हिशेब हमखास निघतो: बिल रसेलनं खेळाडू म्हणून एनबीएची (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची) ११ विजेतेपदं जिंकली, प्रशिक्षक म्हणून २, म्हणजे एकूण १३. बेरीज बरोबर आहे, पण हिशेब चुकलाय. त्या दोन विजेतेपदांची मोजणी दोनदा झाली आहे.

रसेलनं बोस्टन सेल्टिक्सकडून १९५७, मग १९५९ ते १९६६ सलग आठ वेळा आणि शेवटी १९६८ व १९६९ अशी ११ विजेतेपदं मिळवली. १९६६ मध्ये रेड ऑयरबाखनं प्रशिक्षकपद सोडलं आणि ते रसेलकडे आलं. एनबीएचा तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पण त्यानं खेळणं थांबवलं नव्हतं! शेवटची दोन विजेतेपदं त्यानं दोन्ही भूमिकांत एकदमच जिंकली.

हे पद नुसतं नावापुरतं होतं म्हणणाऱ्यांनी १९६९ आठवावं. आदल्याच्या आदल्या वर्षी फिलाडेल्फियाच्या संघानं सेल्टिक्सची सलग विजेतेपदांची मालिका तोडलेली, आता संघ म्हातारा झालेला, विभागात चौथा. अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना लॉस एंजेलिसला. तिथल्या लेकर्स संघाच्या मालकानं जल्लोषासाठी छताला फुगे बांधून ठेवलेले! सेल्टिक्स १०८-१०६ असे जिंकले, फुगे तसेच वर लटकत राहिले.

त्यानंतर रसेल निवृत्त झाला. पुढे सिएटल आणि सॅक्रामेंटोला तो नुसता प्रशिक्षक होता. तिथे विजेतेपद एकही नाही. तरी सिएटलला पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांत, त्यानंच नेलं.