झेनॉन इतकाही अलिप्त नाही

आवर्तसारणी शिकवताना अठराव्या गणाशी आलं की एक वाक्य ठरलेलं: ‘निष्क्रिय वायूंची बाह्यतम कक्षा पूर्ण असते, म्हणून त्यांची संयुगं बनतच नाहीत.’ हे १९६२ सालीच खोटं ठरलंय. कॅनडात नील बार्टलेट यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हे इलेक्ट्रॉन हिसकावून घेणारं संयुग वापरून चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढला होता. झेनॉन या निष्क्रिय वायूच्या अणूतून तो काढायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, हे त्यांच्या लक्षात आलं. झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची वाफ एकत्र आणली, आणि पिवळसर-नारिंगी घन पदार्थ समोर, म्हणजे झेनॉनचं संयुग! त्याच वर्षी झेनॉन टेट्राफ्लोराइडही तयार झालं. हेलियम, निऑन मात्र खरोखरच हट्टी. गणात खाली जाताना अणू मोठा होतो, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची पकड सैल होते. एवढं सातवी-आठवीच्या मुलांना सहज कळतं. तेव्हा ‘कधीच नाही’ऐवजी ‘सहसा नाही’ म्हणा.