स्किमर आणि फिल्टर एकच नाहीत, प्लीज

पहिला रीफ टँक (खाऱ्या पाण्यातला, कोरल आणि मासे ठेवायचा टँक) लावणारा बहुतेक वेळा गोड्या पाण्याच्या टँकवरून आलेला असतो आणि त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "कॅनिस्टर आहे की माझ्याकडे, मग स्किमर कशाला?" नाहीतर बरोबर उलटा, "स्किमर घेतला, म्हणजे आता फिल्टरचं काम झालं ना?" दोन्हीमागे गोंधळ एकच आहे, दोघांचं काम सारखंच समजण्याचा, आणि तो वाचून वाचून कंटाळा आलाय, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

कॅनिस्टर तुम्हाला माहितीये, टँकबाहेर बंद डब्यात बसवलेला फिल्टर. आत स्पंज, फ्लॉस (बारीक घाण गाळणारा कापूस), सिरॅमिक रिंग, त्यावर बॅक्टेरिया, ते करतात माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट. पुढे जाऊ.

कॅनिस्टरमध्ये अडकलेली घाण तुम्हाला दिसत नाही, पण असते ती पाण्यातच. टँकचं पाणी रात्रंदिवस तिच्यावरूनच फिरतंय, ती तिथे बसून सडते आणि नायट्रेट-फॉस्फेट होऊन परत टँकमध्ये येते. गोड्या पाण्यात हे खपतं कारण झाडं नायट्रेट खातात आणि 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग) नायट्रेटचं बहुतेक माशांना काही वाटत नाही. रीफमध्ये आपण नायट्रेट साधारण 2 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या मध्ये ठेवायला धडपडतो, तिथे महिनोन्‌महिने न उघडलेला कॅनिस्टर म्हणजे नायट्रेटचा कारखाना. दर आठवड्याला उघडून धुणार असाल तर जरूर चालवा, पण तसं धुणारी माणसं फार कमी.

स्किमर घाण सडण्याच्या आधीच हात घालतो. त्याचा पंप हवा ओढून पाण्यात एकदम बारीक बुडबुडे करतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कोरलचा चिकट स्राव यातून जी प्रोटीन आणि स्निग्ध द्रव्यं पाण्यात उतरतात, त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून लांब पळतं, त्यामुळे ते बुडबुड्याच्या पृष्ठभागावर चिकटतात, वर चढतात, फेस होतो, फेस कपात पडतो आणि कप तुम्ही नेऊन ओतून टाकता. टँकचा त्या घाणीशी संबंध संपला. खवळलेल्या समुद्राच्या काठाला पिवळट फेस साचतो ना, तोही असाच बनतो.

आणि इथेच सगळे अडकतात, म्हणून हे सावकाश वाचा. स्किमर नायट्रेट काढत नाही. अमोनिया काढत नाही. पाण्यात विरघळलेला फॉस्फेटही थेट काढत नाही, कारण हे सगळे आयन पाण्यातच खुशाल राहतात, बुडबुड्याला चिकटत नाहीत. "स्किमर लावून महिना झाला तरी नायट्रेट 40, पीस खराब आहे" ही तक्रार मी सतत वाचतो, पीस चांगला असतो हो! जे नायट्रेट तयार झालंय ते पाणी बदलून नाहीतर रेफ्युजियममध्ये (शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) चेटोसारखं शेवाळ वाढवून जाईल, स्किमर फक्त पुढचं बनणं कमी करतो. तेही सगळं नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले केमिस्ट केन फेल्डमन यांनी 2009 च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजले तेव्हा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच निघतो असं दिसलं.

मग अमोनियाचं काय? ते काम लाइव्ह रॉकवरच्या, म्हणजे टँकमध्ये ठेवलेल्या सच्छिद्र दगडावरच्या, बॅक्टेरियाचं. म्हणजे रीफमध्ये तुमच्या कॅनिस्टरच्या सिरॅमिक रिंगची जागा दगड घेतो, स्किमर नाही. दगड सायकल झालेला नसेल, म्हणजे त्यावर पुरेसे बॅक्टेरिया वाढलेले नसतील, तर कितीही भारी स्किमर मासे वाचवणार नाही.

दुसरी चीड आणणारी गोष्ट, नवा स्किमर बादलीभर साध्या पाण्यात चालवून बघायचा आणि फेस नाही म्हणून परत करायचा. साध्या पाण्यात बुडबुडे पटापट एकमेकांत मिसळून मोठे होतात, मिठाच्या पाण्यात ते बारीक राहतात, म्हणूनच घरगुती स्किमर खाऱ्या पाण्यातच चालतो. आणि खाऱ्या पाण्यातही नवा पीस सुरुवातीचे काही दिवस, कधी दोन आठवडे, धड फेस देत नाही. रोज व्हॉल्व्ह पिळू नका.

 स्किमरच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा सढळ हाताने लिहिलेला असतो, तुमच्या टँकच्या दीडपट-दुप्पट आकड्याचा घ्या. 75 लिटरच्या आतला टँक असेल आणि दर आठवड्याला 10-15 टक्के पाणी न चुकता बदलणार असाल तर स्किमर नको, ते पैसे चांगल्या लाइटला आणि आरओ-डीआय युनिटला (नळाच्या पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) घाला. त्याहून मोठ्या टँकला माझं मत पक्कं आहे: कॅनिस्टर विकून टाका, सम्प (टँकखाली ठेवलेला जोडटँक) करा, त्यात स्किमर ठेवा.

सम्पमध्ये स्किमर ठेवाल तेव्हा तो किती खोल पाण्यात उभा करायचा ते कंपनीने दिलेलं असतं, तेवढंच ठेवा. बाष्पीभवनाने पाणी उतरलं की फेस बसतो, जास्त भरलं की कप उतू जातो, त्यामुळे स्किमर ज्या कप्प्यात आहे तिथली पातळी उभ्या पार्टिशनने कायम ठेवा आणि रोजची घट ऑटो टॉप-ऑफने, म्हणजे आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राने, भरा, साध्या आरओ-डीआय पाण्याने, मिठाच्या नाही, कारण वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं.