काठावरचा आकडा चुकतो कुठे?

सिनेमाची निगेटिव्ह उजेडासमोर धरली की नजर थेट चित्रावर जाते. काठाकडे बघायचं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर स्प्रॉकेटच्या भोकांच्या बाहेर, जेमतेम दोन मिलिमीटरच्या पट्टीत, बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. १९९० साली कोडॅकने त्याच्या जोडीला यंत्राला वाचता येईल असा बारकोड आणला. त्याचं नाव की-कोड. पुढे फुजीनेही आपल्या फिल्मवर तशीच सोय केली.

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर हा आकडा दर फुटाला येतो. एका फुटात १६ फ्रेम आणि ६४ भोकं. अर्ध्या फुटावर, म्हणजे ३२ भोकांनंतर, मधला एक आकडा असतो. १६ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात ४० फ्रेम मावतात, म्हणून तिथे आकडा दर सहा इंचांनी, म्हणजे वीस फ्रेमनंतर येतो. मधल्या फ्रेमना स्वतःचा आकडा नसतो. आकड्याजवळ एक भरीव ठिपका असतो. तो ज्या फ्रेमपाशी येतो ती शून्य फ्रेम. तिथून पुढे अधिक एक, अधिक दोन असं मोजत जायचं. नागपूरकरांना हे सांगायला अवघड नाही: झिरो माइलचा दगड एका जागी पक्का असतो, बाकीची गावं त्याच्यापासून किती दूर एवढंच बघायचं.

हे सगळं लागायचं कशासाठी? एडिटिंग व्हिडिओवर होऊ लागलं तेव्हा फिल्म टेलिसिने यंत्रातून चालवून टेपवर उतरवली जायची आणि एडिटर त्या टेपवर काम करायचा. शेवटी कापायची मात्र खरी निगेटिव्ह. टेपवरच्या टाइमकोडचा, म्हणजे प्रत्येक चित्रासोबत नोंदलेल्या वेळेचा, कुठला क्षण निगेटिव्हच्या कुठल्या फ्रेमवर आहे, ही सांगड काठावरच्या आकड्याने घातली जायची. टेलिसिनेवर बसवलेला रीडर फिल्म चालता चालता बारकोड वाचायचा आणि टाइमकोडच्या शेजारी तो आकडा नोंदवत जायचा. आता टेलिसिनेची जागा स्कॅनरने घेतली आहे, पण आकडा संपलेला नाही. स्कॅनरमधून एकेका फ्रेमची डीपीएक्स नावाची चित्रफाइल निघते; तिच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, फिल्मचा उत्पादक, फिल्मचा प्रकार, प्रीफिक्स (आकड्याचा रीळ ओळखणारा सुरुवातीचा भाग), फूट आणि भोकांचा फरक यांसाठी स्वतंत्र जागा ठेवलेली असते.

नागपुरात हा विषय काढायला कारण आहे. महालातल्या, धरमपेठेतल्या घरांच्या माळ्यांवरून, संस्थांच्या कपाटांतून फिल्मचे पत्र्याचे डबे आता बाहेर निघताहेत, आणि ते स्कॅन करायला घेतले की हमखास एक वाक्य कानावर पडतं: "भाऊ, कोड वाचून नाही राहिला ना!" मग संशय आधी इलेक्ट्रॉनिक्सवर जातो. केबल बदला, सॉफ्टवेअर पुन्हा टाका, कार्ड काढून बसवा. माझं म्हणणं असं की आधी फिल्मच्या काठाकडे बघा. कारण हा आकडा शाईने छापलेला नसतो, तो फोटो असतो. फिल्म कारखान्यात तयार होत असतानाच काठावर प्रकाशाने त्याची छाप घेतात. ती छाप दिसत नाही. कॅमेऱ्यात चित्र टिपलं जातं, फिल्म लॅबमध्ये जाते आणि डेव्हलपरमध्ये चित्राबरोबर आकडाही उमटतो. चित्राला जे जे होतं ते ते आकड्यालाही होतं.

यातून एक फार उपयोगी गोष्ट हाती येते. निगेटिव्ह फिकी निघाली तर दोष कुणाचा, कॅमेरामनचा की लॅबचा? काठ बघा. काठावरचे आकडे ठसठशीत आणि चित्र फिकं असेल तर डेव्हलपिंग नीट झालं आहे, कॅमेऱ्यातच उजेड कमी पडला. आकडेही फिके असतील तर फिल्म डेव्हलपरमध्ये पुरेशी शिजलेली नाही, किंवा रसायन थकलेलं होतं. कारखान्यातली छाप नेहमी ठरलेल्या प्रकाशाने घेतलेली असते, म्हणून ती मोजपट्टीचं काम करते. घरच्या जुन्या स्टिल कॅमेऱ्याच्या रोललाही हीच परीक्षा लागू पडते.

रीडर एखाद्या रिळावर मुका झाला तर याच रांगेत विचार करावा. आकडे फिके असले की काळ्या पट्ट्या आणि मधली पारदर्शक जागा यांतला फरक कमी होतो. रीडरच्या दिव्याची तीव्रता किंवा सेन्सरची संवेदना थोडी कमी-जास्त करून जुळवली की बरेचदा काम भागतं. दुसरी अडचण उलटी. कॅमेऱ्याच्या मॅगझिनचं, म्हणजे फिल्मच्या डब्याचं, झाकण नीट बसलं नाही तर उजेड सर्वांत आधी फिल्मच्या काठावर पडतो. चित्र वाचतं, पण काठ काळवंडतो आणि काळ्या पट्ट्या काळ्या पार्श्वभूमीत बुडून जातात. तिथे रीडर कितीही चांगला असला तरी त्याला काही दिसणार नाही. तिसरी: रिळात निगेटिव्ह नसून तिच्यावरून काढलेली प्रिंट आहे. निगेटिव्हवर पट्ट्या काळ्या असतात, प्रिंटवर त्या उलट, काळ्यात पांढऱ्या येतात. रीडरची ध्रुवता, म्हणजे काळं-पांढरं उलटं धरून वाचणं, बदलायची सोय असेल तर ती बदलायची.

आपल्या हवामानाचाही यात वाटा आहे. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी होते की रोलरवरून धावणाऱ्या फिल्मवर स्थिर वीज साचते आणि धूळ तिला चिकटून बसते. तीच धूळ मग रीडरच्या लेन्सवर उतरते. पुसायच्या कापडाचा एखादा सुती धागा लेन्ससमोर अडकला तर सेन्सरच्या हिशोबी ती आणखी एक काळी पट्टी होते. पावसाळ्यात गंमत वेगळी: एसीच्या खोलीतून आणलेला थंड डबा दमट हवेत लगेच उघडला की फिल्मवर दव जमतं. डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मग उघडावा.

दोष फिल्मचा की यंत्राचा हे ठरवायला साधा उपाय म्हणजे एक खात्रीचं, नीट वाचलं जाणारं रीळ कायम हाताशी ठेवणं. ते वाचलं गेलं तर रीडर ठीक आहे, फिल्म तपासा. तेही वाचलं जात नसेल तर लेन्स, दिवा, फोकस, काठाची रेघ धरणारा मार्गदर्शक रोलर, या क्रमाने जा. जॉइंटच्या अलीकडे वाचतो आणि पलीकडे वाचत नाही, असं असेल तर पलीकडचा तुकडा बहुधा उलटा जोडलेला आहे, इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराची, बाजू फिरलेली आहे.

मात्र मुका रीडर हा खरा धोका नव्हे. न वाचलेला आकडा निदान दिसतो तरी. धोका आहे तो पडद्यावर आत्मविश्वासाने चालणाऱ्या, पण चुकीच्या आकड्याचा. आणि इथे बारकोडची रचना समजून घ्यायला हवी, कारण चूक बारकोड वाचताना जवळपास कधीच होत नाही.

की-कोडमध्ये वापरलेली पद्धत म्हणजे कुरिअरच्या पाकिटांवर दिसणारी कोड १२८. यात थांबण्याची खूण सोडली तर प्रत्येक खूण तीन काळ्या आणि तीन पांढऱ्या पट्ट्यांची असते आणि त्या सहांची मिळून रुंदी नेहमी ११ एकक भरते. अकरा भरले नाहीत तर खूण बाद. आकडे जोडीजोडीने लिहिता येतात. शेवटी एक तपासणीची खूण येते, तिचा हिशोब असा: सुरुवातीच्या खुणेची किंमत १०५ धरा. पुढच्या जोड्या समजा २३, १२, ३४ आहेत. पहिलीला १ ने, दुसरीला २ ने, तिसरीला ३ ने गुणा: २३, २४, १०२. सगळ्यांची बेरीज २५४. तिला १०३ ने भागलं की बाकी ४८. हे ४८ फिल्मवर आधीच लिहिलेलं असतं. आता धूळ-ओरखड्यामुळे १२ आणि ३४ यांची अदलाबदल झाली असं समजा: १०५, २३, ६८, ३६, बेरीज २३२, बाकी २६. जुळत नाही, म्हणून रीडर तो आकडा टाकून देतो. म्हणजे खराब बारकोडचा परिणाम "वाचलं नाही" असा होतो, "भलतंच वाचलं" असा जवळपास होत नाही.

मग चुकीचा आकडा येतो कुठून? वाचल्यानंतरच्या हिशोबातून. रीडर गेटमध्ये, म्हणजे फ्रेम जिथे उजेडासमोर येऊन टिपली जाते त्या जागी, नसतो, तो फिल्मच्या वाटेवर थोडा अलीकडे किंवा पलीकडे बसवलेला असतो. रीडरपुढे जो बारकोड आहे त्याची फ्रेम त्या क्षणी गेटमध्ये नसते, काही फ्रेम दूर असते. तेवढे अंतर यंत्राला सांगून ठेवावं लागतं. यालाच ऑफसेट म्हणतात. ३५ मिलिमीटरमध्ये एक फ्रेम साधारण १९ मिलिमीटर लांब, तर १६ मिलिमीटरमध्ये ७.६. फिल्म लावताना लूप, म्हणजे तिचा सैल सोडलेला वळसा, एक सेंटिमीटरने लांब झाला तर ३५ मध्ये अर्धी फ्रेम चुकते, १६ मध्ये एकाहून जास्त. चूक कायमची आणि सारखी असल्यामुळे आकडे नीट ओळीने पुढे सरकत राहतात आणि कुणाला शंका येत नाही. निगेटिव्ह कापायच्या दिवसांत याची किंमत मोठी होती. निगेटिव्हचे तुकडे सिमेंटने एकमेकांवर चढवून जोडतात, त्यात शेजारची फ्रेम खर्ची पडते. एकदा चुकीच्या जागी कापलं की ते परत जसंच्या तसं जोडता येत नाही.

दुसरी चूक मोजणीची. दोन बारकोडच्या मधल्या फ्रेम रीडर स्वतः मोजत असतो, रोलरच्या किंवा स्प्रॉकेटच्या फेऱ्यांवरून. नवा बारकोड आला की मोजणी सुधारली जाते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालत असेल तर मधले धरून सेकंदाला तीन बारकोड जातात, म्हणजे चूक साचायला वेळ मिळत नाही. पण जुनी अॅसिटेट फिल्म उष्णतेने आणि ओलाव्याने आकसते, तिला सिरक्यासारखा वास येतो. ती एक टक्का आकसली आणि मोजणी दात नसलेल्या गुळगुळीत रोलरवर असली, तर शंभर फूट बारकोड न वाचता गेल्यावर १६०० फ्रेममध्ये सोळा फ्रेमचा फरक पडतो. पंचेचाळीस अंशांच्या विदर्भी उन्हाळ्यात वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या फिल्मबद्दल हे मी काळजीने सांगतोय. डबा उघडताच आंबट वास आला तर दातांवर मोजणारी सोय असेल तीच वापरा, पण आकसलेली भोकं दातांवर फाटत नाहीत ना, हे आधी हाताने फिरवून बघा.

तिसरी, सेटिंगची. यंत्राला १६ सांगितलंय आणि फिल्म ३५ची, हे लगेच कळतं. कळत नाही ते तीन भोकांच्या फ्रेमचं प्रकरण. काही सिनेमे फिल्म वाचवण्यासाठी चार ऐवजी तीन भोकांची फ्रेम घेऊन चित्रित झाले. एका फुटात ६४ भोकं, तीनने भाग जात नाही, २१ फ्रेम होऊन एक भोक उरतं. शून्य फ्रेमशी ठिपक्याचं नातं दर फुटाला सरकतं आणि तीन फुटांनी, ६४ फ्रेमनंतर, पुन्हा जुळतं. चार भोकांचं सेटिंग राहून गेलं तर आकडा पहिल्या फुटातच घसरायला लागतो.

व्हिडिओकडच्या बाजूने आपल्याला थोडं सुख होतं. भारतात टीव्ही पॅल पद्धतीचा होता, सेकंदाला २५ चित्रं. २४ च्या वेगाने काढलेली फिल्म टेलिसिनेवर २५ ने चालवायची, एका फ्रेमचं एक व्हिडिओचित्र. सिनेमा चार टक्क्यांनी लवकर संपतो एवढंच. अमेरिकेत टीव्ही सेकंदाला साधारण ३० चित्रांचा, म्हणून चार फ्रेमची पाच चित्रं करावी लागायची, त्यामुळे तिथल्या टेपांवर कुठल्या फ्रेमपासून साखळी सुरू झाली हेही बघावं लागतं.

या सगळ्या चुका पकडायची पद्धत एकच, आणि ती जुनी आहे. रिळाच्या सुरुवातीला, चित्र सुरू होण्याआधीच्या मोकळ्या भागात, एक ठिपक्याची शून्य फ्रेम शोधून तिला पंचने भोक पाडायचं आणि तिचा आकडा डोळ्यांनी वाचून कागदावर लिहायचा. मग यंत्र त्या भोकावर थांबवायचं. पडद्यावरच्या आकड्याच्या शेवटी अधिक शून्य शून्य दिसायला हवं. अधिक शून्य तीन दिसलं तर ऑफसेट तीन फ्रेमने चुकलाय. प्रत्येक जॉइंटनंतर पुढचा आकडा असाच डोळ्यांनी ताडून बघायचा, आणि रिळाच्या शेवटी पुन्हा एकदा. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी चूक, तर ऑफसेट नव्हे, मोजणी घसरते आहे. चित्राच्या भागात मात्र कधीच भोक पाडू नये, आणि फिल्म एकमेव असेल तर मोकळ्या भागातही नाही. तिथे भिंगातून ठिपका बघून थांबवावं, वेळ जास्त लागतो पण फिल्म अखंड राहते.

आपल्याकडच्या डब्यांमध्ये १९९० च्या आधीची फिल्म बरीच असते: कोडॅकची, पूर्व जर्मनीच्या ओर्वोची, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. बारकोड येण्याआधीच्या या काठांवर यंत्राला वाचण्यासारखं काही नाही, म्हणून तिथे रीडर बंद ठेवून भिंग घ्यावं. कोडॅकच्या फिल्मच्या काठावर गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा सापडतात, त्या फिल्म कोणत्या वर्षी बनली ते सांगतात. हा क्रम वीस वर्षांनी पुन्हा येतो, त्यामुळे एकच खूण १९५६ ची असू शकते आणि १९७६ चीही. कोणतं वर्ष ते चित्रातले कपडे, गाड्या, रस्त्यावरच्या पाट्या बघून ठरवावं लागतं. आणि प्रिंट असेल तर एक सावधगिरी: तिच्या काठावर दोन प्रकारचे आकडे दिसू शकतात, निगेटिव्हवरून उतरलेले आणि प्रिंटच्या फिल्मचे स्वतःचे. चित्र कधी काढलं याचा अंदाज पहिल्यांवरून येतो, ही प्रत कधी काढली याचा दुसऱ्यांवरून.