कोडमागची ओळ

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या दवाखान्यात सकाळी तासभर बसून बघा. कुणी म्हणतं, ‘मला शुगर हाय’. शेजारचा तेच तेलुगूत सांगतो, पलीकडच्या आजी कानडीत. डॉक्टर केस पेपरवर दोनच अक्षरं लिहितात : ‘डीएम’. आपल्याला सगळं कळतं. कॉम्प्युटरला मात्र शुगर, डीएम आणि मधुमेह हे तीन निराळे शब्द दिसतात.

इथे आजारांना दिलेले क्रमांक कामी येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीत टाइप २ मधुमेह म्हणजे ई११. स्नोमेड सीटी नावाच्या वैद्यकीय संज्ञांच्या कोशात तोच ४४०५४००६. या कोशात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना एकमेकींशी नात्यांनी बांधलेल्या आहेत. तो चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला. इथलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडे आहे.

खरी कसोटी लागते ती लिहिलेल्या मजकुरातून नेमका कोड शोधताना. ‘आईला मधुमेह होता’ यातला आजार रुग्णाचा नाही. ‘एमएस’ म्हणजे हृदयाची अरुंद झालेली झडप, की मज्जासंस्थेचा आजार? आणि नकार! २००१ मध्ये आलेली नेगेक्स ही पद्धत इंग्रजी नोंदींतले नकाराचे शब्द हेरून त्यांच्या आसपासचे आजार वगळते. इंग्रजीत नकार बहुधा आधीच येतो. आपण म्हणतो, ‘ताप, खोकला, दम, काही नाही’. नकार थेट शेवटी. मराठी नोंदी वाचणाऱ्या यंत्राला हे वेगळं शिकवावंच लागेल.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट : कोड दिला, तरी तो कुठल्या ओळीवरून दिला हे जपलं पाहिजे. समजा, सूतगिरणीतल्या कामगाराच्या नोंदीत आहे, ‘सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती गच्च होते’. घाईत कोड पडला दम्याचा, जे४५. पण सुट्टीनंतर उसळणारा हा त्रास कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची जुनी खूण आहे. त्याचा कोड जे६६.०. नुसता जे४५ उरला तर ही खूण पुसली जाते. ओळ कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत आहे ते कोडसोबत साठवलं, तर स्क्रीनवर कोड दाबताच ती समोर येते. मग पुढच्या वेळी डॉक्टर विचारतील, ‘गिरणीत कुठल्या खात्यात काम करता?’