निपाणीच्या वखारीतला स्पेक्ट्रम आणि त्याची किरकिर

बेळगावच्या शहापुरात आमच्या शेजारच्या काकूंना अजून वाटतं की दर रविवारी दुपारी आमच्याकडं मिक्सर बिघडतो. मिक्सर नाही ओ काकू, जुन्या कॉम्प्युटरवर गेम लोड होतोय. आधी पाच सेकंद एकसुरी पीईईई, मग एक छोटी चिर्र, परत पीई, आणि मग चार-पाच मिनिटं रातकिड्यांनी भांडण काढल्यासारखी नुसती किरकिर.

मशीन मामांचं. निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडलं होतं, अजून उघडलं की जर्द्याचा वास येतो. नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. मूळचं इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचं झेडएक्स स्पेक्ट्रम, ते आलं 23 एप्रिल 1982 ला, आणि 1986 मध्ये डेसिबेल्स नावाच्या भारतीय कंपनीनं लायसन्स घेऊन त्याचं प्लस मॉडेल इथं विकायला काढलं. मेमरी 48 केबी. म्हणजे फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येतो तो गुलाबाचा फोटोसुद्धा बहुतेक यात मावायचा नाही. प्रोसेसर झेड-80, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ, हार्ड डिस्क वगैरे काही नाही, घरचा टेपरेकॉर्डर हीच डिस्क.

आता ती किरकिर म्हणजे काय ते सांगतो, कारण माझा सगळा जीव तिच्यातच अडकलाय. कॉम्प्युटरला 0 आणि 1 कळतात हे शाळेत सगळ्यांनी घोकलंय, पण ते 0 आणि 1 कधी कानानं ऐकलेत का? इथं ऐकता येतात. कॅसेटवर 0 म्हणजे आवाजाची एक आखूड लाट, साधारण 490 मायक्रोसेकंदांची, आणि 1 म्हणजे बरोबर तिच्या दुप्पट लांब. बास, एवढीच भाषा. 0 चा सूर 2000 हर्ट्झच्या आसपास, 1 चा त्याच्या निम्मा, आणि दोन्ही मिसळले की ती किरकिर. सुरुवातीचा पीईई असतो तो मशीनला सावध करायला, की बाबा आता माल येतोय, लक्ष दे.

आणि गंमत म्हणजे हे ऐकायला मशीनमध्ये वेगळी चिप नाहीच. प्रोसेसर सगळी कामं सोडून फक्त लाट कधी पलटते याकडं कान लावून बसतो आणि दोन पलटींच्या मध्ये मनात आकडे मोजतो, लवकर पलटली तर 0, उशिरा पलटली तर 1. कॅसेटचा आवाज आत येतो ते दार, म्हणजे पोर्ट, 254 नंबरचं, आणि स्क्रीनच्या कडेचा रंगही त्याच नंबरवर लिहून बदलतो. त्यामुळं लोडिंग चालू असताना कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या नाचत असतात. पीईई चालू असेल तर लाल-आकाशी. ते डेकोरेशन नाही, प्रोसेसरला आत्ता काय ऐकू येतंय ते तुम्हाला दिसतंय. असं मशीन मी तरी दुसरं बघितलं नाही की ज्याचा विचार चालू असताना दिसतो पण आणि ऐकू पण येतो.

आता आमची अडचण. बेळगावच्या पावसात 35 वर्षं ठेवलेली कॅसेट म्हणजे बुरशीचं शेतच. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. म्हणून गेमची ऑडिओ फाइल घ्यायची, जुन्या मोबाइलच्या हेडफोनच्या भोकात वायर घालायची आणि आवाज फुल्ल. त्याच्या आधी फोनमधले बास, सराउंड असले सगळे लाड बंद करायचे, कारण गाणं गोड लागायला ते लाटांचा आकार बदलतात आणि मशीनचं गणित चुकतं. एकदा चार मिनिटं नीट गेली, शेवटचा तुकडा राहिला होता, आणि कोल्हापूरच्या आत्याचा फोन आला. रिंगटोन सरळ मशीनच्या कानात! प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असतो, आतापर्यंतच्या सगळ्या बाइट्सचा हिशेब त्याच्याशी जुळला नाही की मशीन म्हणतं, 'आर टेप लोडिंग एरर', आणि पहिल्यापासून सुरू. आत्याला काय सांगणार.

पण त्याच्याही आधी मी मोठा घोळ घातला होता. मशीनला 9 व्होल्ट लागतात, घरात जुन्या राउटरचा 9 व्होल्टचा ॲडॅप्टर होता, पिन पण बसली, लावला. बहुतेक ठिकाणी पिनेच्या आत प्लस आणि बाहेर मायनस असतो, सिंक्लेअरचं नेमकं उलटं, आत मायनस. एक बारीक वास आला आणि माझं तोंड वाळलं. टिळकवाडीत आमचा एक मित्र टीव्ही दुरुस्त करतो, त्याच्याकडं पळालो. तो आधी हसला, मग उघडून बघितलं आणि म्हणाला, "येवढं काय नाही रे, बघू की."

48 पैकी खालच्या 16 केबीच्या मेमरी चिप, नंबर 4116, यांना एका जागी तीन-तीन व्होल्टेज लागतात, 5, 12 आणि वजा 5. मशीन आतल्या आत एक छोटी कॉइल आणि एक ट्रान्झिस्टर वापरून 9 व्होल्टपासून हे 12 आणि वजा 5 तयार करतं. तो ट्रान्झिस्टर गेला की वजा 5 जातं, आणि ते नसताना बाकीची दोन चालू राहिली तर चिपही मरते. आमचं तसंच झालं होतं, टीव्हीवर नुसत्या उभ्या पट्ट्या. ट्रान्झिस्टर बदलला, दोन चिप बदलल्या. जाता जाता अँटेनावाल्या डब्यातनं व्हिडिओची वायर काढून सरळ टीव्हीच्या पिवळ्या पिनेला दिली, चॅनेल शोधायची कटकट संपली.

वरच्या 32 केबीची गोष्ट तर मला जास्तच आवडते. त्या चिप बऱ्याचदा मुळात 64 किलोबिटच्या, पण अर्धा भाग कारखान्यातच बाद निघालेल्या. फेकून न देता चांगला अर्धा वापरायचा आणि स्वस्तात द्यायच्या, आपल्या रविवार पेठेत डागी आंबा निम्म्या भावात मिळतो तसं. सिंक्लेअरला पैसे वाचवायचे होते आणि घराघरांत मशीन पोचवायचं होतं, मला तर हा हिशेब बेळगावकराचाच वाटतो.

लोक विचारतात, हे सगळे गेम मोबाइलवर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये, फुकट चालतात, मग ही हमाली कशाला. चालतात की, मी पण बसमध्ये खेळतो. सिंक्लेअरचा कॉम्प्युटर धंदा 1986 मध्ये ॲमस्ट्रॅडनं घेतला आणि नंतर इम्युलेटरसोबत मूळ रॉम, म्हणजे मशीनच्या आतला कायमचा प्रोग्रॅम, वाटायला परवानगीही दिली, त्यामुळं इम्युलेटर तरी राजरोस आहे. पण इम्युलेटरला वास येत नाही आणि तो जळतही नाही, मग शिकणार काय? झेड-80 ची जुनी चिप बनवणं झायलॉगनं 2024 मध्ये थांबवलं, 1976 पासून चाललेलं दुकान. तरी जगभरचे हौशी लोक नव्या प्रोग्रॅमेबल चिपवर आख्खा स्पेक्ट्रम परत उभा करतात, आणि गेम तर अजून नवीन येतात.

आमची सध्याची खोडी वेगळीच आहे. या मशीनमध्ये स्वतःची अक्षरं बनवता येतात, 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकटीत, प्रत्येक ओळीला एक आकडा. काना बनवायचा तर 0, 0, 255, मग पाच वेळा 4. ते 255 म्हणजे आठही ठिपके पेटलेले, तीच शिरोरेषा. शेजारच्या अक्षराच्या तिसऱ्या ओळीतही 255 टाकला की रेषा आपोआप जोडली जाते, वरच्या दोन ओळी मात्रांना मोकळ्या. पहिल्यांदा 'बेळगाव' जुळलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि आम्ही येड्यासारखे ओरडलो.

मग उद्यमबागेत कामाला असलेला आमचा कन्नड दोस्त म्हणाला की एसटीच्या पाटीसारखं खाली कन्नडमध्येपण पाहिजे. बरोबर आहे, पण अशी अक्षरं मिळतात फक्त 21. 'बेळगाव - खानापूर' मध्येच मराठीची दहा गेली, ख एकटाच दोन चौकटी खातो, आणि कन्नडची गोल गोल अक्षरं आठ ठिपक्यांत बसवताना त्याचा घाम निघाला. दोन तास खोडाखोड करून तो म्हणाला, "आय्तु बिडप्पा," म्हणजे झालं, सोड रे, आणि चहा टाकायला उठला. मी बघतो तर त्याला अजून एक चौकट कमी पडत होती, म्हणून मी आमची स्वतः बनवलेली मधली आडवी रेघ काढून टाकली.