पार्श्वभूमी : स्विचच्या आजच्या दुखण्यांची जुनी मुळे

२०१३ साली नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या सिस्को कंपनीने ग्राहकांसाठी एक सूचना काढली. ती स्विचबद्दल होती, म्हणजे ऑफिसातले संगणक, प्रिंटर, फोन केबलींनी एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीबद्दल. केबल खोचायच्या तिच्या खाचेला पोर्ट म्हणतात. कॅटलिस्ट ३६५० आणि ३८५० या मालिकांतल्या ४८ पोर्टांच्या स्विचवर पहिल्या पोर्टच्या अगदी डोक्यावर ‘मोड’ नावाचे बटण होते. केबलच्या टोकाची प्लास्टिकची चिमटी तुटू नये म्हणून काही केबलींना रबरी टोपी असते. तशी केबल पहिल्या पोर्टात खोचली की टोपी बटणावर टेकायची, बटण दाबलेलेच राहायचे, आणि थोड्या वेळाने स्विचची समजूत व्हायची की कोणीतरी आपल्याला नव्याने सेटअप करू पाहत आहे. मग तो स्वतःला रीसेट करायचा. उपाय दोन : दुसरी केबल वापरा, नाहीतर ती सोय कमांड देऊन बंद करून टाका.

नेटवर्कवाले ही गोष्ट अजून हसत हसत सांगतात. पण ते बटण मुळात तिथे होते कशाला? जाणकार माणूस हाताशी नसला तरी नवा स्विच चालू करता यावा म्हणून. म्हणजे सोयच. ऑफिसातल्या स्विचबद्दल आज ज्या तक्रारी कानावर येतात (लूप, म्हणजे केबलींचे वर्तुळ, लागला की सगळे ठप्प, एक चुकीची कमांड आणि शाखा बंद, सुरक्षेची भगदाडे, दरवर्षीचे लायसन्स) त्यांतल्या बहुतेकींच्या तळाशी अशीच कधीकाळची एखादी सोय सापडते. काळ बदलला, सोय तिथेच बसून राहिली.

सुरुवात तारेपासून करावी लागेल. १९७३ मध्ये बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात इथरनेट उभे केले, तेव्हा स्विच हा प्रकारच नव्हता. एक कोअ‍ॅक्शियल केबल इमारतीतून फिरवायची आणि तिला जागोजागी टोचून संगणक जोडायचे. सगळे एकाच तारेवर बोलणार. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचे आणि जरा वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. चाळीतला सामायिक नळच, फक्त रांग नसलेला.

या तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडीला फ्रेम म्हणतात. इंटरनेटच्या पॅकेटमध्ये एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकून देतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच ठेवलेला नाही. एकाच तारेवर टप्पे कुठले? त्या वेळी हे अगदी बरोबर होते. पुढे तारेला तार जोडणाऱ्या पेट्या आल्या, आणि ही न ठेवलेली एक जागा चाळीस वर्षे नडत राहिली.

त्या पेट्यांना ब्रिज म्हणत. १९८०च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, ही कंपनी ब्रिज बनवू लागली, तेव्हा अट अशी होती की संगणकांना मध्ये काही आहे हे कळताही कामा नये. ब्रिज अदृश्य हवा. संगणकांत काही बदल करायला नको म्हणून ही अट फार मोलाची होती. पण अदृश्य पेट्यांनी चुकून एक वर्तुळ तयार केले, तर सगळ्यांना उद्देशून निघालेली फ्रेम त्या वर्तुळात फिरतच राहते, दर फेरीत तिच्या प्रती निघतात, आणि तिला थांबवणारा आकडा तर फ्रेममध्ये नाहीच.

डेकमधल्या रेडिया पर्लमन यांनी यावर १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री हा उपाय दिला : पेट्या आपापसात बोलून एकीला मूळ मानतात आणि वर्तुळ होणारी वाट आपण होऊन बंद ठेवतात. पर्लमन यांनी त्यावर एक छोटी कविताही केली. नेटवर्कच्या प्रोटोकॉलच्या नशिबी असे भाग्य क्वचितच येते. १९९० मध्ये आयईईई या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ते प्रमाण म्हणून स्वीकारले. त्यात सावधगिरीसाठी प्रत्येक पोर्टाला पंधरा-पंधरा सेकंदांच्या दोन थांब्यांतून जावे लागे. केबल खोचली की दिवा अर्धा मिनिट नारिंगी राहायचा आणि मग हिरवा व्हायचा, हे जुन्या लोकांना आठवत असेल. एवढ्या वेळात संगणक सुरू होऊन आयपी पत्ता मागून दमलेला असे. म्हणून संगणकांच्या पोर्टांसाठी हा थांबा टाळायची सोय आली. २००१ मध्ये स्पॅनिंग ट्रीची वेगवान आवृत्तीही आली.

स्पॅनिंग ट्रीने प्रश्न झाकला, मिटवला नाही. हे किती महागात पडू शकते ते बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस मेडिकल सेंटरने नोव्हेंबर २००२ मध्ये पाहिले. वर्षानुवर्षे भर पडत गेलेले तिथले नेटवर्क एकच सपाट पसारा झाले होते. स्पॅनिंग ट्रीचे ठरलेले वेळापत्रक मूळ पेटीपासून सातेक टप्प्यांपर्यंतच्या पसाऱ्यासाठी आखलेले, आणि यांचा पसारा त्यापलीकडे गेलेला. मोठा भार आला, स्विचांचे एकमेकांशी बोलणे तुटले, वर्तुळे लागली. चार दिवस रुग्णालय कागदावर चालले. तपासण्यांचे अर्ज हाताने भरले गेले, कागद माणसांकरवी मजल्यामजल्यांवर पोचवले गेले. रुग्णालयाचे माहिती-प्रमुख जॉन हलाम्का यांनी हे सगळे लपवून न ठेवता जाहीरपणे सांगितले, म्हणून ते आज अभ्यासता येते.

छोट्या प्रमाणात हे आपल्याकडे रोज घडते. पुण्यातल्या एका ऑफिसात मी स्वतः अर्धा दिवस घालवला आहे. भिंती रंगवून झाल्या, आणि कोणीतरी टेबलाखाली लोंबणारी केबल ‘नीट’ करायची म्हणून तिचे मोकळे टोक त्याच आठ पोर्टांच्या स्वस्त स्विचमध्ये खोचले. त्या स्विचला स्पॅनिंग ट्री माहीतच नव्हते. सगळे दिवे एका तालात लुकलुकत होते, प्रिंटर बंद, फोन बंद, आणि जो तो सांगत होता, “नेट गेलंय.”

फ्रेममध्ये तो आकडा घालायचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. पर्लमन यांच्याच पुढाकाराने ट्रिल नावाचा प्रोटोकॉल तयार झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टप्प्यांचा हिशेब आहे. तो रुजला नाही. डेटा सेंटरवाल्यांनी वेगळीच वाट धरली : अख्खी इथरनेट फ्रेम आयपी, म्हणजे इंटरनेटच्या, पॅकेटच्या पोटात घालून पाठवायची, म्हणजे आकडा आयता मिळतो. ऑफिसच्या मजल्यावर मात्र तीच जुनी फ्रेम आणि तिच्यावर पहारा देणारे स्पॅनिंग ट्री.

स्विच म्हणजे मुळात अनेक पोर्टांचा ब्रिजच. ‘स्विच’ हा शब्द बाजारात आला तो १९९०च्या सुमारास. कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा ‘इथरस्विच’ काढला. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. कंपनीला त्यांनी पत्नीचे नाव दिले. तोवर हब नावाच्या साध्या पेटीला जोडलेले सगळे एकच वेग वाटून घेत. इथे प्रत्येक पोर्टाला पूर्ण वेग. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली. त्याच्या आदल्या वर्षी घेतलेल्या क्रेसेंडो या कंपनीकडून कॅटलिस्टची परंपरा आली होती. पुढची वीस वर्षे स्विच म्हणजे काय, त्याच्याशी कसे बोलायचे, हे जवळजवळ या एका घराण्याने ठरवले.

बोलायची रीत म्हणजे काळी खिडकी आणि तीत टाइप करायच्या कमांड. आजही नवा स्विच खोक्यातून काढला की बहुतेकदा पहिली गाठ कन्सोल पोर्टशी पडते : निळी चपटी केबल, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचे सीरियल, वेग ९६००. लॅपटॉपवरून तो सीरियल पोर्ट कधीच गेला, म्हणून प्रत्येक फिल्ड इंजिनिअरच्या बॅगेत एक यूएसबी कन्व्हर्टर असतो, आणि तो नेमका त्या दिवशी चालत नाही.

केबलपेक्षा खरी अडचण कमांडच्या स्वभावात आहे. एक उदाहरण या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. एकाच स्विचवर वेगवेगळी आभासी नेटवर्क करता येतात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. दोन स्विचांमधल्या ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवरून, १०, २० आणि ३० हे व्हीलॅन जाऊ दिलेले आहेत. आता ४० वाढवायचा आहे. इंजिनिअर लिहितो, ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’. हवे होते ‘अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ४०’. एक शब्द राहिला, आणि यादीत भर पडण्याऐवजी यादीच बदलली. आता फक्त ४० जातो. ज्या व्हीलॅनवरून तो स्विचपर्यंत पोचला होता तोही बंद, त्यामुळे चूक दुरुस्त करायलाही आत जाता येत नाही. शाखा पुण्यात असेल तर रिक्षा, सोलापुरात असेल तर एसटी. कमांड लिहिली की तत्क्षणी लागू, ही एकेकाळी तत्परता वाटत होती.

त्याची जुळी बहीण म्हणजे चालू कॉन्फिगरेशन आणि साठवलेले कॉन्फिगरेशन यांतली फारकत. बदल लगेच लागू होतो, पण ‘राइट मेमरी’ केल्याशिवाय साठत नाही. जिथे वीज जाणे नित्याचे आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी, तिथे महिन्यापूर्वी केलेले आणि सगळे विसरून गेलेले बदल एका झटक्यात गायब होतात.

यावर इलाज नाही असे नाही. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीच्या जुनॉस या सॉफ्टवेअरमध्ये बदल आधी बाजूला लिहायचा आणि मग ‘कमिट’ करायचा. ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हटले तर ठरलेल्या वेळात, एरवी दहा मिनिटांत, पुन्हा होकार न आल्यास यंत्र आपण होऊन जुन्या स्थितीत जाते. माझ्या मते ऑफिसच्या स्विचमध्ये एकच सुधारणा मागायची असेल तर ही मागावी. चालकांची तक्रारही जुनीच आहे. २००२ मध्ये इंटरनेटच्या मानकांशी संबंधित मंडळींनी नेटवर्क चालवणाऱ्यांना बोलावून ऐकून घेतले, तेव्हा सूर असा निघाला की एसएनएमपी हा १९८८चा प्रोटोकॉल नजर ठेवायला ठीक, पण यंत्र बसवायला, बदलायला कामाचा नाही. त्यातून २००६ मध्ये यंत्रांत बदल करण्यासाठीचे नेटकॉन्फ आले. मोठ्या स्विचमध्ये ते आज मिळते. पण छोट्या ऑफिसच्या वाट्याला येते ते एखादे कूर्मगती वेबपान.

सुरक्षेची गोष्ट तर बटणाच्या गोष्टीची मोठी आवृत्ती आहे. दूरच्या शाखेत नवा स्विच नुसता जोडला की त्याने आपले कॉन्फिगरेशन आपण होऊन घ्यावे, यासाठी सिस्कोने ‘स्मार्ट इन्स्टॉल’ ही सोय दिली होती. ती मुळातच चालू असे, आणि ‘तू कोण’ असे विचारतही नसे. एप्रिल २०१८ मध्ये तिचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी स्विचांची कॉन्फिगरेशन पुसली आणि जागी अमेरिकेचा झेंडा अक्षरांनी रेखाटून ठेवला. इराणच्या दूरसंचार मंत्रालयाने सांगितलेला आकडा जगभरात दोन लाख आणि इराणमध्ये साडेतीन हजार यंत्रांचा होता. यातल्या कित्येकांच्या मालकांना ही सोय आपल्याकडे चालू आहे हेच ठाऊक नव्हते. वापरत नसलेली गोष्ट कारखान्यातूनच बंद येणे ही तशी मोठी मागणी नाही.

पीओईचा, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला किंवा फोनला वीज देण्याचा, हिशेब वेगळ्या जातीचा आहे. तिथे फसवते ते खोक्यावरचे छापील वाक्य. त्याचे पहिले मानक २००३ चे : पोर्टामागे १५.४ वॉट. २००९ मध्ये ३० वॉट झाले, २०१८ मध्ये ९० पर्यंत गेले. आता २४ पोर्टांचा, प्रत्येक पोर्टाला ३० वॉट देऊ शकणारा स्विच घेतला. चोवीस गुणिले तीस म्हणजे ७२० वॉट. आतला वीजपुरवठा बऱ्याचदा ३७० वॉटचा असतो. म्हणजे पूर्ण भाराने बाराच पोर्ट. तेरावा कॅमेरा जोडला की कोणता तरी एक डोळा मिटतो, आणि तोही रात्री, कारण इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेरे जास्त वीज ओढतात.

राहिला पैसा. डेटा सेंटरच्या स्विचांत गेल्या दशकात बरीच मोकळीक आली. चिप ब्रॉडकॉमसारख्या कंपनीची, पेटी तैवानची, त्यावरचे सॉफ्टवेअर वेगळे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये सोनिक हे स्विचचे सॉफ्टवेअर खुले केल्यावर तर तेही फुकट. ऑफिसच्या ४८ पोर्टांच्या पीओई स्विचपर्यंत ही हवा फारशी पोचली नाही. तिथे पेटी, सॉफ्टवेअर आणि कित्येकदा फायबरचा एसएफपी (फायबर जोडायला पोर्टात खोचायचा छोटा तुकडा) सुद्धा एकाच कंपनीचा लागतो. दुसऱ्याचा एसएफपी लावला की पोर्ट बंद पडतो आणि लॉगमध्ये ‘असमर्थित’ असा शेरा येतो, मग तो आतून त्याच कारखान्यात बनलेला का असेना. त्यावर २०१७ मध्ये सिस्कोने कॅटलिस्ट ९००० मालिकेबरोबर किमान तीन वर्षांची वर्गणी घ्यायला लावली, आणि विकत घेतलेल्या लोखंडाला मुदत आली.

म्हणून हल्ली कोटेशन आले की जुने गिऱ्हाईक किंमत नंतर बघते, आधी विचारते : “लायसन्स संपल्यावर स्विच चालू राहतो ना?” उत्तर मॉडेलवर अवलंबून. कॅटलिस्ट ९००० वर्गणी संपली तरी पॅकेट पुढे ढकलत राहतो, वरची साधने तेवढी जातात. क्लाउडवरून चालणाऱ्या काही स्विचांना मुदतीनंतर महिनाभराची सवलत मिळते, आणि मग पोर्ट बंद होतात.